सतरा नंबरची काच

माझी बायको काचा बघायची. संस्थेच्या अहवालात तिच्या कामाचं नाव लांबलचक होतं, पण आमच्या घरात एवढंच होतं, आणि ते माझ्या आईने दिलेलं होतं. सूनबाई काय करतात असं कोणी विचारलं की आई म्हणायची, "काचा बघते." पाहुणा पुढे काही विचारायच्या आत जोडायची, "काचेतली धूळ हिला दिसते. घरातली दिसत नाही."

हे बायकोच्या समोरच. बायको हसून म्हणायची, "घरातली मोठी असते हो, आई. तिला मायक्रोस्कोप लागत नाही, म्हणून तुमच्यावर सोडलीय."

मी त्याच संस्थेच्या ग्रंथालयात होतो. पदार्थविज्ञान मी शिकलेलो नाही. पुढे जे लिहितोय ते तिने मला चहा उकळताना, बसची वाट बघताना, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत समजावून सांगितलेलं आहे. त्यात चूक सापडली तर ती माझी समजावी.

फोटोच्या काचेवर असतो तसाच थर या काचांवर असे, पण कितीतरी जाड. अशा काचा, प्रत्येक वेगळ्या काळ्या कागदात गुंडाळून, एकीमागे एक लावून उंच डोंगरावर नेऊन ठेवायच्या आणि महिनोन्‌महिने विसरून जायचं. आकाशातून कणांचा मारा अखंड चालू असतो. ते कण छपरातून, भिंतीतून, तुमच्या-माझ्या डोक्यातून आरपार जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. या थरातून जाताना मात्र कण माग ठेवून जातो. काच धुतली की त्याच्या वाटेवर काळे ठिपके उमटतात. कण जड आणि संथ असला तर दाट, चपळ असला तर विरळ. केसाहून कितीतरी बारीक अशी ही ठिपक्यांची रेघ मायक्रोस्कोपखाली काच तसूतसूने सरकवत शोधायची. एका काचेला आठवडे लागत.

तिने मला पहिल्यांदा मायक्रोस्कोपाशी बसवलं तेव्हा मला मिरपूड सांडल्यासारखं काहीतरी दिसलं. मी म्हणालो, "छान आहे." ती म्हणाली, "तुम्हाला काहीही दिसलेलं नाही." त्यानंतर अधूनमधून ती मला मुद्दाम बसवायची, मी मिरपूड बघायचो आणि ती तेच वाक्य म्हणायची. नवराबायकोत असतात तसल्या विनोदांपैकी हा एक.

तिचे वडील चष्मेवाले. दुकान म्हणजे एक टेबल, भिंगांची पेटी आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांची पाटी. लहानपणी ती शाळेतून थेट दुकानात यायची. तिथे तिने एक गोष्ट पाहिली, ती तिच्या डोक्यातून कधी गेली नाही. नजर अधू झाली हे लोकांना कबूल करायचं नसतं. बाकावर वाट बघत बसल्याबसल्या गिऱ्हाईक पाटी पाठ करून टाकायचं आणि आपली पाळी आली की धडाधड म्हणून दाखवायचं. म्हणून वडिलांनी तशा तीन पाट्या केल्या होत्या आणि गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ते पाटी बदलायचे. गिऱ्हाईक लबाड असतं असं त्यांचं म्हणणं नव्हतं. ते म्हणायचे, त्याला खरंच वाटतं की आपल्याला दिसतंय.

शिक्षण संपवून ती संस्थेत आली तेव्हा तिला 'बघणारी' म्हणून घेतलं. बघणाऱ्या सगळ्या बायका असत, कारण बायकांना धीर असतो असं पुरुषांचं मत होतं. बायका रेघ शोधत आणि निबंध पुरुषांच्या नावाने छापला जाई. पहिल्या वर्षी तिने शोधलेल्या रेघांवर असा एक निबंध निघाला. दुसऱ्या वर्षी ती संचालकांकडे गेली आणि म्हणाली की रेघ कुठे आहे ते मी सांगत राहीन, पण ती कशाची आहे हे मला कळलेलं असेल, तर ते तुम्ही माझं नाव छापणार असाल तरच सांगेन. संचालक तिचे शिक्षक होते. त्यांनी विचारलं, "धमकी देतेस?" ती म्हणाली, "नाही सर. अट सांगतेय."

नाव छापून आलं. मग ते वारंवार छापून येऊ लागलं. कोणत्या रेघेचा कण किती जड, हे ठरवण्याची तिची रीत दूरदूरच्या प्रयोगशाळांनी उचलली. डोंगरावरच्या झोपडीत बाईमाणसाची सोय नाही असं सांगितल्यावर ती स्वतःची पथारी घेऊन गेली. नेमणूक मात्र वर्षावर्षाची. दर वर्षी मुदत वाढवून मिळायची आणि दर वर्षी ती वाढेल की नाही याची वाट बघावी लागायची.

आमची ओळख ग्रंथालयातलीच. परदेशी नियतकालिकांचे नवे अंक आले की मी ते आधी तिच्यासाठी बाजूला ठेवायचो. एक दिवस तिने विचारलं, "नवा अंक मलाच आधी मिळतो, याला काही कारण?" मी अंकावर शिक्का मारत राहिलो. ती म्हणाली, "बरं." त्या 'बरं'वर आमचं लग्न झालं असं म्हटलं तरी चालेल. संस्थेत मी मग 'बाईंचे मिस्टर' झालो. त्याहून मोठी पदवी मला पुढे मिळाली नाही, आणि ही मिळण्यासारखं आपण काय केलं, तेही मला कधी कळलं नाही.

एकदा रजा काढून मी तिच्याबरोबर डोंगरावर गेलो होतो. पत्र्याचं छप्पर, रॉकेलचा वास, भिंतीला एक फळी आणि फळीवर काचांचा गठ्ठा. तो खाली न्यायची वेळ होती. खच्चरवाला दाराशी खोळंबला होता, ऊन उतरत होतं, आणि ही बाई हातमोजे काढून, गारठलेल्या बोटांनी, एकेक काच उचलून सगळ्यांचा क्रम बदलत बसली होती. काही उलट्या करत होती, काही पार दुसऱ्या टोकाला नेत होती. खच्चरवाला म्हणाला, "बाई, चढून आल्यावर पत्ते पिसता, उतरताना पत्ते पिसता. डाव कधी मांडणार?"

"डाव वर आभाळात चालू असतो," ती म्हणाली. "आपण नुसते पिसायला."

उतरताना तिने मला कारण सांगितलं. काचेला घड्याळ नसतं. रेघ उमटली एवढं कळतं, कधी उमटली ते कळत नाही. काचा वर महिनोन्‌महिने असतात, पण खच्चरावर, गाडीत, गोदामातही त्यांचे दिवस जातात आणि तिथेही कण आरपार जातच असतात. आता समजा, दोन रेघा एका बिंदूत भेटलेल्या दिसल्या. वाटणार की एक कण आला, तिथे फुटला आणि त्यातून दुसरा निघाला. पण एक रेघ वरची असेल आणि दुसरी वाटेतली! दोघींची भेट कधी झालेलीच नसेल. म्हणून वर एक क्रम आणि वाटेत दुसरा. रेघ एका काचेतून निघून शेजारच्या काचेत शिरते. ती कोणत्या शेजारणीत सापडते त्यावरून ती वरची की वाटेतली ते ओळखायचं.

मला कितपत समजलं याची मला खात्री नव्हती, म्हणून मी भीत भीत म्हणालो की ग्रंथालयाच्या पुस्तकांत असं होतं. समासात एकाने पेन्सिलीने प्रश्न लिहिलेला असतो, खाली दुसऱ्याने उत्तर. वाचताना वाटतं दोघं समोरासमोर बसून भांडतायत. पण उत्तर देणारा आधी लिहून गेलेला असू शकतो, आणि प्रश्न विचारणारा तेव्हा जन्मलेलाही नसेल.

ती वाटेत उभी राहिली. "हे मी वापरू?" तिने विचारलं. पुढे तिच्या प्रत्येक व्याख्यानात ते असायचं. मी मागच्या रांगेत असलो तर माझे कान लाल व्हायचे.

तिच्या या काचा पिसण्याची संस्थेत थट्टा व्हायची. ती काचा पिसायची, बाकीचे गट पिसत नसत. वेळ कोणाला होता?

त्या गठ्ठ्यातल्या सतरा नंबरच्या काचेत ती रेघ सापडली. सापडली ती तिच्या हाताखालच्या मुलीला. ही मुलगी तासन्‌तास पापणी न लववता बघत बसायची, म्हणून तिला सगळे घुबड म्हणायचे आणि ती त्याला ओ द्यायची. तिने बायकोला बोलावून आणलं. एक दाट रेघ येते, एका जागी अचानक मोडते आणि तिथून विरळ रेघ तिरकी निघून जाते. बायकोने मोजलं, पुन्हा मोजलं, घुबडाकडून मोजून घेतलं. येणाऱ्या कणाचं वजन माहीत असलेल्या कोणत्याच कणाशी जुळत नव्हतं.

तिने घरी येऊन मला सांगितलं तो दिवस मला आठवतो. ती मोठ्याने बोलतच नव्हती. म्हणाली, हे कुठून आलंय ते कोणाला ठाऊक नाही, जगलं ते निमिषाचा कोटीवा भागसुद्धा नाही, आणि मेलं ते आपल्या काचेत. नावही नाही त्याला. मी भाजी चिरत होतो. सुरी तशीच हातात राहिली. आपल्या ओट्याशी उभं राहून हे माणूस असलं काहीतरी बोलतंय, आणि ते खरं असू शकतं, याने माझ्या अंगावर काटा आला. आई मात्र म्हणाली, "मेलेल्याचं नाव ठेवायला बसू नका, भाजी करपेल."

त्या वर्षी मोठं संमेलन आमच्याच संस्थेत भरायचं होतं. परदेशातून नावाजलेली माणसं येणार होती. संचालकांनी शेवटच्या दिवसाचं मुख्य व्याख्यान तिला दिलं, आणि ते झालं की तिचा स्वतंत्र विभाग आणि कायमची नेमणूक जाहीर करायची असं ठरवलं. तिला तसं सांगितलंही.

संमेलनाच्या आदल्या आठवड्यात ती जेवता जेवता थांबली. घास हातात, नजर भिंतीवर. मी विचारलं काय झालं. म्हणाली, "चार नंबरची बघितली नाही."

येणारी रेघ वरची होती, यात शंका नव्हती. वरच्या क्रमात सतराच्या अलीकडची काच सोळा, आणि सोळात ती सापडली होती. निघून जाणारी रेघ अठरात सापडायला हवी. पण अठरा धुताना फुटली होती, बायकोच्याच हातून. तिने ते कधी लपवलं नव्हतं. व्याख्यानातही ती सांगणार होती की ही बाजू पुढे तपासता आली नाही. सगळ्यांनी ते मान्य केलं होतं. पण वाटेतल्या क्रमात सतराच्या त्या अंगाला अठरा नव्हतीच. तिथे चार होती. आणि चार धडधाकट कपाटात पडली होती.

"म्हणजे चारमध्ये ती रेघ सापडली तर?" मी विचारलं.

"तर ती वाटेतली. मग काही मोडलं नाही, कोणी मेलं नाही. दोन अनोळखी रेघा, बस."

"आणि नाही सापडली तर?"

"तर काही सिद्ध होत नाही. गठ्ठा बांधायच्या आधी किंवा सुटल्यावरही ती उमटलेली असू शकते. आहे तिथेच." तिने ताट बाजूला सारलं. "अहो, ही काच मला काही देऊ शकत नाही. नुसतं घेऊ शकते."

दुसऱ्या दिवशी तिने संचालकांना सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिच्यासाठी वरिष्ठांशी भांडून हे सगळं मिळवलं होतं. ते म्हणाले की छापील कार्यक्रम गेलाय, पाहुणे निघालेत. आणि रेघ वाटेत दुसरीला अशी नेमकी टेकण्याची शक्यता किती? तिने सांगितलं, थोडी, पण आहे. ते म्हणाले, "जगात तुझ्याशिवाय कोणी काचा पिसत नाही. हे तुला कोणी विचारणार नाही."

"मी विचारलंय, सर," ती म्हणाली.

असं उत्तर देऊन आली म्हणजे तडक कपाट उघडलं असेल, असं वाटेल. तसं झालं नाही. ती दिवसभर दुसरंच काहीबाही करत राहिली. घुबडाने काच काढून देऊ का विचारलं, तर तिच्यावर खेकसली. घरी आल्यावर मला म्हणाली, "मला ती बघायची नाहीये." चांगला नवरा अशा वेळी काहीतरी नेमकं बोलला असता. मी एवढंच विचारलं, "मी येऊ का बरोबर?"

"तुम्ही येऊन काय करणार?"

"बसेन."

ती जरा हसली. "या."

रविवारी दुपारी आम्ही गेलो. बघणाऱ्यांची खोली तळघरात होती. खिडक्यांना काळा कागद, ओळीने टेबलं, प्रत्येक स्टुलावर कोणी घरून आणलेली उशी. सगळीकडे भिंगाला लावायच्या तेलाचा वास. तिने चार नंबरची काच काढली, फुंकर मारली, पुसली, पुन्हा पुसली. कोपऱ्यातल्या खुणांवरून रेघ नेमकी कुठे निघायला हवी ते तिने कागदावर काढून आणलं होतं. मग तिने डोळा लावला आणि स्क्रू फिरवायला लागली.

मी तिच्याकडे बघत होतो. इतकी वर्षं एकत्र राहून तिला काम करताना मी असं सलग कधी पाहिलं नव्हतं. पाठ ताठ, श्वास जवळजवळ नाही, आणि फक्त दोन बोटं हलतायत, तीही हलतात की नाही अशी. तिथे डोंगर नव्हता, आभाळ नव्हतं, एक बाई आणि एक काच. पण ज्या गोष्टीपुढे माणूस मान तुकवतो असं म्हणतात, ती मला त्या खोलीत जाणवली. आपल्याला जे हवंय ते खरं आहे का, हे ती त्या गोष्टीलाच विचारत होती. उत्तर आवडलं नसतं तरी ती तिथून उठली नसती.

बोटं थांबली. "आहे," ती म्हणाली.

तिने पेन्सिल घेतली. तिने रेघेची दिशा मोजली, आकडा मांडला, खोडला, पुन्हा डोळा लावला. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. बाहेर रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मग तिने पेन्सिल खाली ठेवली. "ही नव्हे. ही भलतीकडे चाललीय. परकी आहे." आणि ती पुन्हा शोधायला लागली. नेमकी जागा, तिच्या भोवतीची, त्याच्याही भोवतीची. शेवटी ती स्टुलावरून उठली आणि मला म्हणाली, "बसा."

मी बसलो.

"काय दिसतंय?"

"मिरपूड."

"रेघ?"

"नाही."

"नीट बघा. घाई करू नका."

मी कधी नव्हे इतकं नीट बघितलं. डोळ्याला पाणी आलं तरी बघितलं. "नाही ग. काहीच नाही."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आज पहिल्यांदा तुम्हाला बरोबर दिसलं," ती म्हणाली, आणि शेजारच्या स्टुलावर, कोणाच्या तरी उशीवर, बसून रडली.

व्याख्यानात तिने सगळं सांगितलं. अठरा आपल्या हातून फुटली हे सांगितलं. चार बघितली, त्यात एक परकी रेघ दिसली आणि आपल्या छातीत धस्स झालं, हेसुद्धा सांगितलं. म्हणाली, "ही रेघ वरचीच आहे असं मी सिद्ध करू शकत नाही. वाटेतल्या शेजारणीकडे ती गेली नाही, एवढं मी बघितलंय." काचा पिसण्याचं ऐकून लोक हसले. मग पुस्तकाच्या समासाचं उदाहरण आलं आणि हसणं हळूहळू थांबलं.

पुढच्या रांगेत एक म्हातारे परदेशी पाहुणे होते. त्यांच्या गटाने अशा दोन मोडलेल्या रेघा आधीच जाहीर केल्या होत्या. ते उठले आणि त्यांनी विचारलं की उतरतानाचा क्रम तुम्ही नेहमीच बदलता का. ती म्हणाली, नेहमीच. तेव्हा ते म्हणाले, "आमच्या दोन्ही रेघांच्या बाबतीत मला हे सांगता येणार नाही. आता कधीच येणार नाही." त्यांनी माझ्या बायकोकडे बघून मान लववली आणि ते खाली बसले. संचालक माझ्या शेजारी होते. त्यांनी चष्मा काढला आणि रुमालाने बराच वेळ पुसत राहिले.

त्या पाहुण्यांनी परत गेल्यावर आपल्या दोन्ही रेघा मागे घेतल्या. तिची राहिली. पुढे मोठमोठी यंत्रं आली, तसले कण ढिगाने सापडले आणि वजन तिने सांगितलं होतं तेवढंच निघालं. विभाग मिळाला, मान मिळाले. पण डोंगरावरच्या त्या झोपडीसारख्या कितीतरी झोपड्यांत, तिचं नावही ठाऊक नसलेली माणसं गारठलेल्या बोटांनी काचा पिसू लागली, त्याची सर मला दुसऱ्या कशालाच वाटत नाही.

व्याख्यानाच्या त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा आई दारातच बसली होती. आठवडाभर घरात काय शिजतंय ते तिला कळत होतं, कोणी सांगितलं नव्हतं तरी. तिने सरळ सुनेला विचारलं, "मग त्या चार नंबरच्या काचेत शेवटी काय निघालं?"

"काही नाही, आई."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग एवढा बोभाटा कशाला?" आई म्हणाली. "काही नाही, हे मी घरबसल्या सांगितलं असतं."

"तुम्ही सांगितलं असतंत," बायको चपला काढत म्हणाली. "पण बघितलं नसतंत ना."

आईने सुनेच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, बराच वेळ, काच बघावी तसं. मग उठून आत गेली आणि चहा टाकला.